कुरकूर सोडू, उपाय शोधू

(तक्रार करणे सोपे असते. तक्रारीवर उपाय शोधणे मात्र कठीण असते. काही माणसे हे कठीण काम हाती घेतात आणि साऱ्या गावाचे भले होते. इंग्लंडमधील लंडन शहरात अशा माणसांनी काय केले, ते या पाठात सांगितले आहे. हा पाठ म्हणजे शाळेच्या बालसभेत केलेले भाषण आहे.)

मुलांनो,

आज मी तुम्हांला एका नदीची, एका हापशाची आणि एका झाडूची गोष्ट सांगणार आहे. पण गोष्ट सांगण्याआधी एक प्रश्न विचारतो. आज सकाळी उठल्यापासून तुम्ही किती वेळा कुरकूर केलीत? लाजू नका. मनातल्या मनात मोजा.

"आई, आज पुन्हा हीच भाजी?" ही झाली एक. "ताईने माझी पट्टी घेतली." ही दुसरी. "बाई, हा मला बाकावर जागाच देत नाही." तिसरी. "गुरुजी, नळ गळतोय." चौथी. "शी! केवढा हा कचरा!" पाचवी.

हसलात ना? म्हणजे यातली एखादी तरी कुरकूर तुमची असणार!

कुरकूर करणारा माणूस वाईट असतो, असे मी म्हणणार नाही. त्याला काहीतरी चुकलेले दिसते, म्हणून तो बोलतो. गळणारा नळ ज्याला दिसतच नाही, त्याच्यापेक्षा ज्याला दिसतो तो बरा. पण दिसल्यावर तो काय करतो? "नळ गळतोय," असे म्हणतो आणि खेळायला पळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा "नळ गळतोय," असे म्हणतो आणि पुन्हा पळतो. असे महिनाभर चालते. महिनाभर त्याचे तोंड चालू असते आणि महिनाभर नळही चालूच असतो!

एकट्यादुकट्याचे असे होते, तसेच कधी कधी सबंध शहराचेही होते. लंडन शहराचे असेच झाले होते.

लंडन ही युनायटेड किंग्डम या देशाची राजधानी. या शहराच्या मधून टेम्स नावाची नदी वाहते. आज तिच्या काठाने लोक फिरायला जातात. पण सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी या नदीजवळ उभे राहायलाही लोक तयार नसत. तेव्हा लंडनची वस्ती २५ लाखांच्या घरात गेली होती. एवढ्या माणसांचे सांडपाणी, संडासांतला मैला, कारखान्यांतली घाण हे सारे गटारांतून थेट नदीत येऊन पडे. शहरातल्या कितीतरी लोकांना पिण्याचे पाणीही याच नदीतून मिळत असे.

त्यात आणखी एक अडचण होती. लंडन समुद्रापासून फार दूर नाही. समुद्राला भरती आली, की टेम्सचे पाणी उलटे फिरून शहरात शिरते. ओहोटी लागली, की ते पुन्हा समुद्राकडे जाते. त्यामुळे ओहोटीबरोबर गेलेली घाण भरतीबरोबर परत येई. नदी जणू रोज म्हणे, "घ्या, तुमचे तुम्हांला परत!"

लोक नाक मुरडत. "काय ही घाण! काय हा वास!" असे म्हणत. वर्तमानपत्रांत तक्रारी छापून येत. हे काम कोणी करायचे आणि पैसे कोणी द्यायचे, यावर मोठमोठ्या सभांत वाद होत. वर्षांमागून वर्षे गेली. तक्रारी वाढल्या, वाद वाढले आणि नदीतली घाणही वाढली.

याच काळात लंडनमध्ये पटकीच्या साथी येत. पटकीलाच आपण कॉलरा म्हणतो. माणसाला जुलाब आणि उलट्या होत. अंगातले पाणी निघून जाई आणि काही तासांतच तो दगावे. १८४८-४९ सालच्या साथीत एकट्या लंडनमध्ये १४ हजारांहून अधिक माणसे मेली. हा रोग कशाने होतो, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. घाणेरड्या वासाने होतो, असे बहुतेक डॉक्टरांनाही वाटे.

आता ऐका हापशाची गोष्ट.

जॉन स्नो नावाचे एक डॉक्टर लंडनमध्ये राहत होते. त्यांचे वडील मजुरी करत. जॉन स्वतःच्या कष्टाने शिकून डॉक्टर झाले होते. पटकी वासाने होत नसावी, ती पाण्यातून पसरत असावी, असे त्यांना वाटत होते. पण 'वाटते' एवढ्याने कोणी ऐकत नाही. पुरावा लागतो.

१८५४ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या शेवटी सोहो नावाच्या भागात पटकीची भयंकर साथ आली. दहा दिवसांत सुमारे ५०० माणसे दगावली. जे जाऊ शकत होते, ते घरे सोडून पळाले. डॉक्टर स्नो मात्र त्या भागात गेले. ते दारोदार फिरले. घरात कोण दगावले आणि त्या घरात पिण्याचे पाणी कोठून येते, हे त्यांनी विचारून घेतले. पुढे त्यांनी त्या भागाचा नकाशा घेतला. ज्या घरात जितकी माणसे दगावली, तितक्या छोट्या काळ्या रेघा त्या घराच्या जागी काढल्या.

नकाशा पाहिल्यावर काय दिसले? ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक सार्वजनिक हापसा होता. काळ्या रेघांची दाटी त्या हापशाभोवतीच होती!

तरीही डॉक्टर स्नो तेवढ्यावर थांबले नाहीत. काही गोष्टी त्यांना कोड्यात टाकत होत्या. हापशापासून थोड्याच अंतरावर गोरगरिबांना ठेवून घेणारे एक मोठे आश्रयगृह होते. तेथे ५०० हून अधिक माणसे राहत होती. सभोवती साथ असताना त्यांतली केवळ ५ माणसे दगावली. असे का झाले? त्यांनी चौकशी केली. आश्रयगृहाची स्वतःची विहीर होती. तेथील लोकांना त्या हापशाचे पाणी लागतच नव्हते.

याउलट शहराच्या दुसऱ्या टोकाला, हॅम्पस्टेड येथे राहणारी एक वृद्ध बाई पटकीने दगावली. तेथे तर साथ नव्हती. मग असे का झाले? पुन्हा चौकशी केली. त्या बाईंना ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे, म्हणून त्या तेथून मुद्दाम पाणी मागवत असत!

आता शंका उरली नाही. साथ चालू असतानाच डॉक्टर स्नो तेथील कारभारी मंडळींकडे गेले होते आणि त्यांनी तोवर मिळालेली माहिती त्यांच्यापुढे मांडली होती. कारभाऱ्यांचा पूर्ण विश्वास बसला नव्हता. तरी ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी हापशाचा दांडा काढून टाकला. साथ तोवर ओसरू लागली होती, पण ते पाणी पुन्हा कोणाच्या पोटात जाण्याचा धोका टळला. पुढे जमीन खोदून पाहिली, तेव्हा खरे कारण सापडले. शेजारच्या घराच्या मैल्याच्या खड्ड्यातली घाण झिरपत झिरपत हापशाच्या विहिरीत उतरत होती.

मुलांनो, डॉक्टर स्नो यांच्याकडे मोठे यंत्र नव्हते. त्यांच्याकडे दोन पाय होते, एक वही होती आणि "असे का?" हा प्रश्न होता.

पुढच्याच वर्षी, १८५५ साली, आणखी एका माणसाने या घाणीकडे लक्ष दिले. त्यांचे नाव मायकेल फॅरडे. लोहाराचा हा मुलगा लहानपणी पुस्तके बांधण्याच्या दुकानात कामाला होता. बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता तो विज्ञान शिकला आणि मोठा शास्त्रज्ञ झाला. आपल्या घरी जी वीज येते, ती तयार करण्याचे मूळ तत्त्व फॅरडे यांनीच शोधून काढले.

जुलै महिन्यात एके दिवशी फॅरडे टेम्स नदीतून बोटीने चालले होते. पाण्याचा रंग आणि वास पाहून त्यांना किळस आली. तुम्हीआम्ही काय केले असते? नाकाला रुमाल लावला असता आणि घरी येऊन कुरकूर केली असती. फॅरडे यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याचे काही तुकडे केले. ते चटकन बुडावेत म्हणून ओले केले. बोट जेथे जेथे थांबे, तेथे तेथे त्यांनी एकेक तुकडा पाण्यात सोडला आणि तो किती खोल जाईपर्यंत दिसतो, ते पाहिले. वर लख्ख ऊन होते. तरी पांढरा तुकडा एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटरसुद्धा खाली जाण्याच्या आत दिसेनासा होई!

फॅरडे यांनी हा प्रयोग लिहून 'टाइम्स' या वर्तमानपत्राकडे पाठवला. तीही एक तक्रारच होती. पण ती कशी होती पाहा. "नदी फार घाण आहे," असे कोणीही म्हणेल. त्यावर दुसरा म्हणेल, "तितकी काही घाण नाही." मग नुसता वाद! पण "पांढरा पुठ्ठा एक इंचाच्या आत दिसेनासा होतो," असे म्हटल्यावर वाद कसला घालणार? ज्याला पटत नाही, त्याने एक पुठ्ठा घ्यावा आणि स्वतः पाहावे.

तरीसुद्धा आणखी तीन वर्षे फारसे काही झाले नाही. मग आला १८५८ सालचा उन्हाळा. त्या वर्षी लंडनमध्ये कडक ऊन पडले. नदीतली घाण तापली आणि असा वास सुटला, की लोकांनी त्या उन्हाळ्याला 'महादुर्गंधी' असेच नाव दिले. लंडनचे संसदभवन अगदी नदीच्या काठावर आहे. तेथील पडदे चुन्यापासून केलेल्या जंतुनाशक औषधात भिजवून लावले, तरी वास थांबेना. खासदार नाकाला रुमाल लावून बाहेर पळू लागले. इतकी वर्षे पैशांवरून वाद घालणाऱ्या संसदेने मग अवघ्या १८ दिवसांत कायदा केला आणि पैशांची सोय केली. लोकांची तक्रार वर्षानुवर्षे कानांपर्यंत पोहोचत होती. ती नाकापर्यंत पोहोचली, तेव्हा काम झाले!

पण मुलांनो, नुसत्या कायद्याने नदी साफ होत नाही. काय करायचे, हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. ते जोसेफ बॅझलजेट यांना ठाऊक होते. ते लंडनचे मुख्य अभियंता होते. इतर लोक वाद घालत होते, तेव्हा ते नकाशे काढत होते. त्यांचा आराखडा वरच्या अधिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा परत पाठवला होता. त्यांनी तो पुन्हा पुन्हा सुधारला होता. म्हणून संधी आली, तेव्हा आराखडा तयार होता.

काय होता हा आराखडा? ऐका. आजवर गटारे नदीकडे धावत होती. बॅझलजेट यांनी ठरवले, की नदीच्या दोन्ही बाजूंना, नदीच्या दिशेनेच जाणारी मोठी भुयारी गटारे बांधायची. लहान गटारे नदीला मिळण्याआधीच या मोठ्या गटारांना मिळतील. मोठी गटारे सारी घाण शहराच्या पूर्वेला दूर नेतील आणि तेथे ओहोटीच्या वेळी ती सोडून दिली जाईल. म्हणजे ती शहरात परत येणार नाही.

गटारांना उतार दिला, म्हणजे पाणी आपोआप वाहते. जेथे जमीन फार सखल होती, तेथे पाणी वर उचलण्यासाठी वाफेवर चालणारी प्रचंड यंत्रे बसवली. अनेक गटारांचा आकार उभ्या धरलेल्या अंड्यासारखा ठेवला. अंड्याचे निमुळते टोक खाली. असे का? कारण पाणी थोडे असले, तरी निमुळत्या भागातून ते जोराने वाहते आणि गाळ साचत नाही.

१८५९ साली काम सुरू झाले. हजारो मजूर राबले. सुमारे ३१ कोटी ८० लाख विटा लागल्या. जवळजवळ १३२ किलोमीटर लांबीची मोठी गटारे बांधून झाली. सारे काम पुरे व्हायला १८७५ साल उजाडले.

उपाय बरोबर होता का? त्याचे उत्तर १८६६ सालीच मिळाले. त्या वर्षी लंडनमध्ये पुन्हा पटकीची साथ आली. सुमारे साडेपाच हजार माणसे दगावली. पण साथीचा जोर मुख्यतः शहराच्या पूर्व भागात होता. नवी गटारे अजून सुरू झाली नव्हती, तो हाच भाग! जेथे काम पुरे झाले होते, तो भाग बचावला. त्यानंतर लंडनमध्ये पटकीची मोठी साथ कधीच आली नाही.

डॉक्टर स्नो यांना हे पाहायला मिळाले नाही. १८५८ सालच्या जून महिन्यात, महादुर्गंधीच्या त्या दिवसांतच, वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे खरे होते, हे लोकांना नंतर पटले.

आणि नदीचे पुढे काय झाले? उपाय एकदा केला, की काम कायमचे संपले, असे होत नाही. शहर वाढत गेले आणि घाणही वाढली. मग मैल्यावर प्रक्रिया करण्याची केंद्रे उभारावी लागली. मध्ये एकदा, १९५७ साली, तर शास्त्रज्ञांनी टेम्स नदी मेली आहे, असेच सांगितले. लोकांनी पुन्हा उपाय केले. १९७४ साली त्या नदीत सामन नावाचा मासा पुन्हा सापडला. सामन माशाला स्वच्छ पाणी लागते. बॅझलजेट यांची गटारे आजही वापरात आहेत, पण आजच्या लंडनला ती अपुरी पडू लागली. म्हणून नदीच्या खालून २५ किलोमीटर लांबीचा एक नवा बोगदा बांधला. तो २०२५ साली पूर्णपणे सुरू झाला.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, "ही सारी मोठी माणसे. कोणी डॉक्टर, कोणी शास्त्रज्ञ, कोणी अभियंता. आम्ही काय करणार?" म्हणून आता झाडूची गोष्ट सांगतो. ती आपल्या महाराष्ट्रातली आहे.

संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांना शाळेत जायला मिळाले नाही. अंगावर फाटके कपडे, जवळ मातीचे गाडगे आणि हातात झाडू, एवढीच त्यांची संपत्ती. गाडगेबाबा एखाद्या गावात गेले, की गावाच्या घाणीबद्दल कोणाला बोल लावत नसत. ते सरळ झाडू घेत आणि रस्ते झाडू लागत. म्हातारा माणूस झाडतो आहे हे पाहून गावकऱ्यांना राहवत नसे. एकेकजण झाडू घेऊन येई. संध्याकाळपर्यंत गाव लख्ख होई. रात्री गाडगेबाबा कीर्तन करत आणि लोकांच्या डोक्यांतली घाण झाडत. दिवसा हातात झाडू होता, म्हणूनच रात्रीचे त्यांचे शब्द लोकांना पटत.

झाडू घ्यायला अभियंता व्हावे लागत नाही, खरे ना?

येथे मला एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायची आहे. "तक्रार करूच नका, मुकाट्याने सोसा," असे मी मुळीच सांगत नाही. अन्याय होत असेल, तर बोललेच पाहिजे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी दलित बांधवांना घेऊ देत नसत. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हे लंडनमध्येच शिकून विद्वान झाले होते. त्यांनी २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह महाडच्या तळ्यावर जाऊन ते पाणी प्राशन केले. ही कुरकूर नव्हती. तो आपल्या हक्कासाठी दिलेला लढा होता. तुम्हांलाही कोणी मारत असेल, धमकावत असेल, नको तसे वागवत असेल, तर गप्प बसू नका. आईवडिलांना किंवा विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. तेथे सांगणे हाच पहिला उपाय आहे.

मग कुरकूर कोणती आणि कामाची तक्रार कोणती? ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कुरकूर बोलून संपते. कामाची तक्रार बोलण्यापासून सुरू होते.

आता आपण पुन्हा त्या गळक्या नळाकडे जाऊ. लंडनच्या तीन माणसांकडून आपण तीन प्रश्न घेऊ. फॅरडे यांचा प्रश्न, "नेमके काय होत आहे?" स्नो यांचा प्रश्न, "असे का होत आहे?" बॅझलजेट यांचा प्रश्न, "यावर काय करता येईल?"

पहिला प्रश्न. नेमके काय होत आहे? नळाखाली भांडे ठेवा आणि घड्याळ पाहा. समजा, दहा मिनिटांत एक लीटर पाणी साचले. मग तासाला झाले ६ लीटर. दिवसाचे तास २४. म्हणजे दिवसाला १४४ लीटर! शाळेतल्या १४४ मुलांना प्रत्येकी एक लीटर पाणी पुरले असते. पाहा, तुमच्या गणिताच्या तासाचा केवढा उपयोग झाला!

दुसरा प्रश्न. असे का होत आहे? कोणी नळ नीट बंद करत नाही का? तसे असेल, तर उपाय आपल्याच हातात आहे. नळ घट्ट फिरवूनही गळतो का? मग आतला वायसर झिजला असेल.

तिसरा प्रश्न. काय करता येईल? वायसर बदलणे हे मोठ्या माणसांचे काम. पण नळाखाली बादली ठेवणे, ते पाणी बागेतल्या रोपांना घालणे आणि मुख्याध्यापकांना एक अर्ज लिहिणे, ही कामे तुमची. अर्ज असा लिहा :

"सविनय नमस्कार. शाळेच्या आवारातील टाकीजवळचा नळ गळत आहे. आम्ही मोजून पाहिले. दिवसाला १४४ लीटर पाणी वाया जाते. नळाचा वायसर झिजला असावा. सध्या आम्ही बादली ठेवून ते पाणी झाडांना घालत आहोत. कृपया नळ दुरुस्त करून घ्यावा, ही विनंती."

असा अर्ज हातात आल्यावर कोणते मुख्याध्यापक गप्प बसतील? आणि समजा, लगेच काम झाले नाही, तर? तर आठ दिवसांनी पुन्हा जा. बॅझलजेट यांचा आराखडाही एकदा नाही, अनेकदा परत आला होता.

बाकावर जागा नसेल, तर हेच तीन प्रश्न विचारा. भाजी आवडत नसेल, तर हेच प्रश्न विचारा. कदाचित तिखट जास्त असेल. कदाचित आईला एकटीला सारे करावे लागत असेल आणि भाजी निवडायला कोणी मदत करत नसेल! "असे का?" हा प्रश्न विचारला, की कधी कधी बोट आपल्याकडेच वळते. 'नाचता येईना अंगण वाकडे,' अशी म्हण आपल्याकडे आहे ना? अंगण खरेच वाकडे आहे का, हे आधी पाहावे. वाकडे असेल, तर चार मित्र बोलवावेत आणि कुदळ घ्यावी.

सवय एका दिवसात मोडत नाही. उद्या सकाळी तुमच्या तोंडून पुन्हा कुरकूर येईल. येऊ द्या. फक्त तिच्यामागे एक वाक्य जोडायला शिका : "मग आपण काय करू या?" कुरकूर आली, की हे वाक्य आलेच पाहिजे. महिनाभर असे करून पाहा. तुमचा वर्ग बदललेला दिसेल. शाळा बदललेली दिसेल. आणि तुमच्यातला एखादा पुढे एखादे गाव, एखादी नदीसुद्धा बदलून दाखवेल.

बाहेर पडताना तो नळ गळतो आहे का, तेवढे मात्र पाहून जा!

जय हिंद!

शब्दार्थ

हापसा – हाताने पाणी उपसण्याचा पंप
पटकी – कॉलरा, दूषित पाण्यातून पसरणारा एक रोग
दगावणे – मरण पावणे
सांडपाणी – वापरून झालेले घाण पाणी
आराखडा – कामाची आधी केलेली आखणी
निमुळते – एका टोकाला अरुंद होत गेलेले
सखल – आजूबाजूपेक्षा खोलगट असलेली जमीन
प्राशन करणे – पिणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लंडन शहरातून कोणती नदी वाहते?
(आ) डॉक्टर स्नो यांनी नकाशावर काळ्या रेघा कशासाठी काढल्या?
(इ) फॅरडे यांनी पाण्यात काय सोडले?
(ई) गाडगेबाबांच्या हातात नेहमी काय असे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) ओहोटीबरोबर गेलेली घाण शहरात परत येई.
(आ) आश्रयगृहातील फारच थोडी माणसे दगावली.
(इ) गटारांचा आकार उभ्या अंड्यासारखा ठेवला.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कुरकूर आणि कामाची तक्रार यांतला फरक सांगा.
(आ) बॅझलजेट यांचा आराखडा तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. एका नळातून पाच मिनिटांत एक लीटर पाणी गळते. एका दिवसात किती लीटर पाणी वाया जाईल?

प्र. ५. वाक्यात उपयोग करा.
नाक मुरडणे, कोड्यात टाकणे, बोल लावणे.

उपक्रम : वर्गात एक तक्ता लावा. त्याचे तीन रकाने करा : 'काय होत आहे?', 'का होत आहे?', 'काय करता येईल?' तुमच्या शाळेतील एक अडचण निवडा, तिन्ही रकाने भरा आणि जे तुम्हांला करता येईल, ते या आठवड्यातच करा.